दुर्बिणीतून इन्सिजनल हर्निया: जाळी किती पक्की करायची आणि ती सुटते कुठून?

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आयपॉम-प्लसमध्ये (दुर्बिणीतून हर्नियाचं भोक शिवून पोटाच्या आतल्या बाजूने जाळी लावणं) जाळी पक्की करण्याबद्दल जरा खोलात विचारायचं आहे. परिषदांमध्ये प्रत्येक जण आपापला टॅकर (जाळी भिंतीला ठोकायचे बारीक खिळे आणि त्यांचं यंत्र) सांगतो, पण 'का' ते कुणी सांगत नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना धरू. गर्भाशय काढण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेचा बेंबीखालचा उभा छेद, त्यातून आलेला हर्निया. वय पन्नाशीचं, बीएमआय ३३, एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ७.२, धूम्रपान नाही. सीटीवर मुख्य डिफेक्ट, म्हणजे भिंतीतलं भोक, ६ सेंमी रुंद आणि त्याच्या वर दोन लहान भोकं. सगळं मिळून उभी लांबी १० सेंमी. खालची कड प्यूबिसच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) फक्त २ सेंमी वर. ईएचएस (युरोपियन हर्निया सोसायटी) वर्गवारीत एम४-एम५ (बेंबीखाली ते प्यूबिसच्या लगत वर), डब्ल्यू२ (४ ते १० सेंमी रुंद).

हाताशी २०×१५ सेंमीची कॉम्पोझिट जाळी (आतड्याकडच्या बाजूला न चिकटणारं आवरण असलेली) आणि ३० नगांचा विरघळणारा टॅकर आहे. प्रश्न असे: टॅकर विरघळणारा चालेल की टायटॅनियमच हवा? एक रांग की डबल क्राउन (बाहेर एक, आत एक अशा दोन रांगा)? चार कोपऱ्यांना ट्रान्सफेशियल (भिंतीच्या आरपार घेतलेले) टाके पुरेत का? खालच्या कडेला, मूत्राशयाजवळ, जाळी नेमकी कशाला पकडायची? आणि इतकं सगळं करूनही हर्निया परत येतो, तो कुठून?

सातपुडा

डॉक्टर, या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो: जाळी पुरेशी मोठी आहे का? ती लहान असेल तर पुढची सगळी टॅकर-चर्चा फुकट जाते.

'सगळीकडून ५ सेंमी ओव्हरलॅप' (जाळी भोकाच्या कडेपलीकडे तेवढी जावी) हा नियम पाठ असतो, पण तो लहान डिफेक्टला उदार आहे आणि मोठ्याला कंजूष. हिशोब करून बघा. ४ सेंमीच्या गोल डिफेक्टवर ५ सेंमी ओव्हरलॅप दिला तर जाळी १४ सेंमीची होते; जाळीचं क्षेत्रफळ डिफेक्टच्या १२ पट. १० सेंमीच्या डिफेक्टवर तोच ५ सेंमीचा नियम लावला तर जाळी २० सेंमीची, म्हणजे फक्त ४ पट. ओव्हरलॅप तोच, पण दुसऱ्या पेशंटमध्ये जाळीला धरायला भिंत तिपटीने कमी. म्हणून क्षेत्रफळाचं गुणोत्तर बघायचं. भोक न शिवता नुसती जाळी लावायची असेल तर ते १६ पट असावं असा विचार २०१६ च्या सुमारास पुढे आला. जाळीची त्रिज्या डिफेक्टच्या त्रिज्येच्या चौपट, असं लक्षात ठेवलं तरी चालतं.

आता तुमचा नमुना. १०×६ चा लंबगोल म्हणजे साधारण ४७ चौ. सेंमी. २०×१५ चे कोपरे गोल केले की २३६ चौ. सेंमी. गुणोत्तर ५. आडवा ओव्हरलॅप दोन्हीकडे साडेचार, म्हणजे ५ चा नियमसुद्धा पाळला जात नाही. जाळी बदला. २५×२० घेतली तर ३९३ चौ. सेंमी, गुणोत्तर ८ च्या वर, आडवा ओव्हरलॅप ७. १६ गाठायला ७५० चौ. सेंमी लागतील आणि या ओटीपोटात ते बसणारच नाही. म्हणून इथे भोक शिवणं हा ऐच्छिक भाग राहत नाही.

यामागचं यंत्रशास्त्र सोपं आहे. निरोगी माणूस उभा राहून जोरात खोकला तर पोटातला दाब १०० मिमी पाऱ्याच्याही वर जातो. भोकावर ताणलेल्या जाळीतला ताण हा दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने वाढतो. भोक दुप्पट रुंद झालं की कडेवर येणारी ओढही दुप्पट होते. हायडेलबर्गच्या गटाने प्राण्यांच्या पोटाच्या भिंतीवर जाळी बसवून तिला खोकल्यासारखे शेकडो धक्के दिले. त्यात हेच दिसलं की मूळ पाया गुणोत्तराचा असतो, टॅकर आणि टाके त्या पायाला गुणतात. पाया तोकडा असला तर गुणून तरी काय हाती येणार?

एक पथ्य मात्र पाळा. भोक शिवल्यावर आडवा ओव्हरलॅप कागदावर ७ चा १० होतो. त्या भरवशावर लहान जाळी घेऊ नका. शिवण सुटली तर ओव्हरलॅप पुन्हा मूळ भोकाच्या कडेपासून मोजायचा आहे. जाळीचं माप न शिवलेल्या भोकावरूनच काढायचं. आणि तेही तिन्ही भोकांच्या एकत्रित लांबी-रुंदीवरून. जुन्या व्रणाचा उरलेला भागही झाकायचा, कारण तिथली फॅशिया (स्नायूंवरचा चिवट पांढरा पडदा) शाबूत दिसली तरी तिचा भरवसा नसतो.

देवगिरी

मोजमापाबद्दल एक भर घालतो, मग टॅकरकडे येतो. डिफेक्ट आतून मोजा, आणि पोटात भरलेल्या गॅसचा दाब ८ (मिमी पारा) वर आणून मोजा. १४ च्या दाबावर भिंत ताणलेली असते, भोक खऱ्यापेक्षा मोठं दिसतं. त्वचेवरून मोजलं तर गफलत आणखी वाढते: बीएमआय ३३ मध्ये चरबीचा थर ५-६ सेंमीचा असला तर बाहेरचा कमानदार पृष्ठभाग आतल्यापेक्षा मोठ्या त्रिज्येचा असतो, आणि आतले ६ सेंमी बाहेर सहज ९ वाटतात. कडांना स्पायनल सुया काटकोनात टोचून आत त्यांच्यामधलं अंतर कापलेल्या पट्टीने किंवा मापाच्या धाग्याने घ्यायचं.

आता टॅकर. टायटॅनियमची स्प्रिंग साधारण ४ मिमी लांब. त्यातला एक मिमीच्या आसपास जाळीत जातो. वर पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) आहे. म्हणजे फॅशियात जायला उरतात दोन, फार तर अडीच मिमी. बेंबीखाली मधल्या रेषेत पेरिटोनियमच्या मागे ५ ते १० मिमी चरबी अगदी नेहमीची असते. ती न काढता टॅकर मारला तर तो सरळ चरबीत बसतो. पडद्यावर मात्र सगळं झकास दिसतं: जाळी सपाट, टॅकर ओळीत, गोल रेखीव. पण त्यातला एकही फॅशियाला धरून नसतो. चरबी सरकली की जाळीही सोबत जाते. म्हणून टॅकर हातात घेण्याआधी जाळी जिथे टेकणार तो सगळा पट्टा उघडा करा. वर गरज पडली तर फाल्सिफॉर्म लिगामेंट (यकृताकडून बेंबीकडे येणारा पट्टा) आणि खाली बेंबीचे तिन्ही पट्टे, मधला आणि दोन बाजूचे, चरबीसकट खाली पाडा. फॅशियाची पांढरी चमक दिसली की मग पुढे.

टॅकर विरघळणारा की टायटॅनियमचा? डेन्मार्कच्या राष्ट्रीय हर्निया नोंदीवर आधारित २०१५ च्या अभ्यासात इन्सिजनल हर्नियाला विरघळणाऱ्या टॅकरने बसवलेल्या जाळ्यांत पुनरुद्भव (हर्निया परत येणं) टायटॅनियमपेक्षा जास्त आढळला. आता, डुकरांवरच्या प्रयोगांत जाळी भिंतीला चिकटण्याची बहुतांश ताकद पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच आलेली दिसते आणि विरघळणारा टॅकर त्याहून कितीतरी जास्त टिकतो. म्हणजे तो लवकर विरघळतो म्हणून हर्निया आला, असं म्हणता येत नाही. माझ्या मते दोष शिरण्यात आहे. पॉलिमरचा स्क्रू बोथट, त्याला जास्त रेटा लागतो, आणि घट्ट व्रणात किंवा तिरपा मारला तर तो अर्धाच शिरतो किंवा मान मोडते. तिरपा मारावा लागणार हे तर ओटीपोटात ठरलेलंच आहे.

तुमच्या नमुन्यात माझी निवड: प्यूबिसकडच्या खालच्या कडेला टायटॅनियम, बाकी परिघाला चांगला काटकोन मिळत असेल तर विरघळणारे. मिळत नसेल तिथेही टायटॅनियम. वेदना कमी होतात म्हणून सगळीकडे विरघळणारेच वापरा, हा सल्ला मला पटत नाही. चाचण्यांत तो फरक ठामपणे दिसलेला नाही.

संख्या. २५×२० च्या लंबगोलाचा परीघ ७० सेंमीच्या थोडा वर. दर २ सेंमीला एक धरला तर ३५. आतली रांग भोकाच्या कडेबाहेर १ सेंमीवर, म्हणजे १२×८ चा लंबगोल, परीघ ३२, तिथे १६. एकूण ५१. तुमचा ३० चा एक टॅकर पुरत नाही. दुसरा आधीच मागवून ठेवा. मध्येच नग संपले की उरलेलं अंतर ३ सेंमीचं करून भागवायचा मोह होतो, आणि आतडं घुसायला तेवढी फट पुरते. बाहेरची रांग जाळीच्या कडेपासून अर्ध्या ते एक सेंमीच्या आत. त्याहून आत गेली तर बाहेरची झालर लोंबते, गुंडाळते आणि तिच्याखाली ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जातं.

मारताना डाव्या हाताने बाहेरून दाबून भिंत टॅकरच्या तोंडाशी काटकोनात आणायची. टोक जाळीवर टेकवायचं, जाळी किंचित दबलेली दिसली की मगच फायर. ज्या बाजूला पोर्ट आहेत त्याच बाजूची कड त्याच पोर्टमधून मारता येत नाही. समोरच्या बाजूला एक ५ मिमीचा जादा पोर्ट घाला, त्यात कमीपणा नाही. अर्धवट बसलेला, डोकं वर आलेला टॅकर तसाच सोडू नका. ग्रास्परने (पकडीने) उलटा फिरवून काढा. आतड्याला तो पुढे कधीतरी नडतो.

एम१ मध्ये म्हणजे छातीच्या पिंजऱ्याखाली हे सगळं लागू नाही. बरगड्यांच्या कडेच्या वर टॅकर मारायचा नाही. हृदयाच्या आवरणात रक्त साचून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. तिथे जाळीची वरची झालर नुसती यकृत आणि डायाफ्रामच्या मध्ये ठेवतात.

मिरजकर_एमएस

खालच्या कडेबद्दल सविस्तर लिहितो. एम५ मध्ये पुनरुद्भव बहुतेक वेळा याच कडेने होतो आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: मूत्राशयाच्या भीतीने जाळी प्यूबिसच्या वरच थांबवलेली. २ सेंमीचा ओव्हरलॅप घेऊन वर टॅकरची गर्दी केली की तो टिकेल, असं वाटतं. टिकत नाही.

सुरुवातीला थ्री-वे फोली (तीन तोंडांची लघवीची नळी) घाला. चिकटलेली आतडी सोडवताना मूत्राशय रिकामं ठेवा. (सोडवताना आतड्याजवळ साधी कात्री, ऊर्जेचं साधन नाही. नजरेतून सुटलेली आतड्याची इजा पुनरुद्भवापेक्षा कितीतरी भयंकर असते.) मग फोलीतून २०० ते ३०० मिली सलाईन भरा, म्हणजे मूत्राशयाचा घुमट फुगून दिसतो. त्याच्या वर, एका बाजूच्या मीडियल अंबिलिकल लिगामेंटपासून (बेंबीच्या बाजूच्या पट्ट्यापासून) दुसऱ्या बाजूपर्यंत पेरिटोनियम आडवं उघडा. रेक्टसच्या (पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूच्या) मागच्या पृष्ठभागाला चिकटून खाली या. मूत्राशय चरबीसकट तुमच्याकडे पडलं पाहिजे. चरबी भिंतीवर राहिली तर तुम्ही चुकीच्या थरात आहात. रेट्झियसची, म्हणजे मूत्राशय आणि प्यूबिस यांच्यामधली, जागा कोळिष्टकासारखी असते, बोथट टोकाने सुटते. मात्र जुन्या गर्भाशयाच्या किंवा सिझेरियनच्या शस्त्रक्रियेनंतर ती घट्ट चिकटलेली असते, तिथे घाई करू नका. सिम्फिसिस (प्यूबिसच्या दोन हाडांचा सांधा) आणि दोन्ही बाजूंचे कूपर लिगामेंट (त्या हाडांवरचे चिवट पट्टे) पांढरे, चकचकीत दिसले की थांबा. आता मूत्राशय रिकामं करा.

जाळी सिम्फिसिसच्या मागे ४ ते ५ सेंमी उतरली पाहिजे. तुमच्या नमुन्यात भोकाची कड २ सेंमी वर आहे, म्हणजे खालचा ओव्हरलॅप ६ ते ७ मिळतो. २५ ची लांबी तशीच वाटा: खाली साडेसहा, वर साडेआठ.

पकड कूपर लिगामेंटला. दोन्हीकडे दोन-दोन टायटॅनियम. विरघळणारे तिथे शिरत नाहीत, मोडतात. सिम्फिसिसपासून बाजूला ३-४ सेंमीच्या पलीकडे जाऊ नका. हाडाच्या वरच्या फांदीवरून ऑब्च्युरेटर आणि एपिगॅस्ट्रिक वाहिन्यांना जोडणारी रक्तवाहिनी जाते, ती फाटली की रक्त थांबवताना घाम फुटतो. आणि इलिओप्यूबिक ट्रॅक्टच्या (जांघेतल्या चिवट पट्ट्याच्या) खाली, बाजूला, एकही टॅकर नाही. तिथे इलियाक वाहिन्या आणि मांडीच्या नसा आहेत.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. २० सेंमी रुंदीची जाळी खाली तशीच उतरवली तर तिचे खालचे कोपरे दोन्हीकडच्या वाहिन्यांवर जाऊन चुरगळतात. म्हणून खालचं टोक निमुळतं कापा, १२ सेंमीच्या आसपास रुंद. कॉम्पोझिट जाळी कापून चालते का, ते आधी पाकिटावर बघून घ्या. काहींचा आवरणाचा थर कापल्यावर कडेला उघडा पडतो.

शेवटी खाली पाडलेला पेरिटोनियम आणि मूत्राशयाचा पदर उचलून जाळीच्या वर टॅकरने किंवा टाक्याने बसवा. याच पद्धतीला टेप म्हणतात: पोटातून जाऊन जाळीचा खालचा भाग पेरिटोनियमच्या बाहेर ठेवणं. मूत्राशय जाळीवर दाबून बसतं, म्हणजे खालची कड दोन थरांमध्ये अडकते. या एका गोष्टीचा जो आधार मिळतो, तो दहा जादा टॅकर मारून मिळत नाही.

गोमंतक

सगळं पटलं, पण मुळात जाळी आतड्यांच्या बाजूला का ठेवायची? ६ सेंमीच्या मधल्या रेषेतल्या डिफेक्टला ईटेप रेट्रोमस्क्युलर (पोटाच्या पोकळीत न शिरता, भिंतीच्या थरांमध्ये दुर्बीण घालून) करा. जाळी रेक्टस स्नायू आणि पोस्टिरियर शीथ (स्नायूमागचं आवरण) यांच्या मध्ये जाते. दोन्हीकडून स्नायू आणि पोटाचा दाब तिला जागेवर दाबून ठेवतात, त्यामुळे टॅकर जवळजवळ लागतच नाहीत. कॉम्पोझिटऐवजी साधी मध्यम वजनाची मोठ्या छिद्रांची पॉलिप्रॉपिलीन जाळी पुरते, तिची किंमत कॉम्पोझिटच्या तुलनेत अगदी थोडी. आपल्याकडे टॅकर आणि कॉम्पोझिट जाळीचं बिल पेशंटच्या खिशातून जातं, हे विसरून चालणार नाही. आतड्यांना जाळीचा आणि टॅकरचा स्पर्श नाही, म्हणजे पुढे कधी पोट उघडावं लागलं तर पुढच्या सर्जनचेही हाल नाहीत.

शिवाय खाली तीच जागा सरळ रेट्झियसमध्ये उघडते. एम५ साठी हा रस्ता मुद्दाम केल्यासारखा आहे.

सातपुडा

गोमंतक सर, तत्त्वतः मान्य. किमतीचा मुद्दा तर शंभर टक्के मान्य. पण प्रश्नकर्त्याच्या नमुन्यात दोन अडचणी आहेत.

पहिली, आर्क्युएट लाइनच्या (बेंबी आणि प्यूबिस यांच्यामधल्या एका रेषेच्या) खाली पोस्टिरियर शीथ नसतेच, नुसतं ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया आणि पेरिटोनियम. जुन्या उभ्या छेदात ते व्रणाला चिकटलेलं असतं आणि सोडवताना फाटतं. फाटलेलं भोक नीट शिवलं नाही किंवा ताणावर शिवलं आणि नंतर सुटलं, तर आतडं त्यातून जाळीच्या मागे शिरतं. पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट्या आणि फुगलेलं पोट घेऊन असतो, बाहेरून हर्निया दिसत नाही. हे निदान सीटीशिवाय होत नाही आणि उशीर परवडत नाही.

दुसरी, रुंदी. रेक्टसची शीथ सीटीवर दोन्हीकडे मोजून घ्या. दोन्ही मिळून भोकाच्या रुंदीच्या किमान दुप्पट नसतील तर मागचा थर ताणाशिवाय जुळत नाही, आणि मग टीएआरकडे (बाजूचा ट्रान्सव्हर्सस स्नायू सोडवण्याकडे) वळावं लागतं. टीएआरमध्ये लिनिया सेमील्युनारिस (रेक्टसच्या बाहेरच्या कडेची रेषा) चुकून कापली तर बाजूला जो हर्निया तयार होतो, तो मूळच्या हर्नियापेक्षा दुरुस्त करायला अवघड.

ज्यांचा ईटेपमध्ये हात बसला आहे त्यांनी जरूर करावं. ज्यांचा बसलेला नाही त्यांनी अशा नमुन्यावर सुरुवात करू नये. नीट केलेलं आयपॉम-प्लस हे अर्धवट जमलेल्या ईटेपपेक्षा पेशंटच्या हिताचं आहे.

जाळीच्या वजनाचा विषय निघालाच आहे तर: भोक न शिवता हलकी जाळी ताणून लावण्याच्या भानगडीत पडू नका. हलक्या वजनाची एक कॉम्पोझिट जाळी, फिझिओमेश, जर्मनी आणि डेन्मार्कच्या नोंदींत पुनरुद्भव आणि पुन्हा शस्त्रक्रियेचं प्रमाण जास्त दिसल्यामुळे उत्पादकाने २०१६ मध्ये बाजारातून मागे घेतली. हलकी जाळी मधोमध फुगते, कधी फाटतेही, आणि तिथे कडेचे टॅकर कितीही असले तरी काही करू शकत नाहीत.

कोयनाकाठ

सर्वांचे आभार. २५×२० आणि टेप, हे पक्कं केलं. दोन गोष्टी राहिल्या. भोक शिवायचं कसं, म्हणजे धागा आणि दाब? आणि ट्रान्सफेशियल टाक्यांबद्दल कुणीच बोललं नाही. दुखतात म्हणून सोडून द्यायचे का?

देवगिरी

शिवताना दाब ८, जमलं तर ६. १ किंवा ० नंबरचा काटेरी धागा, न विरघळणारा किंवा सावकाश विरघळणारा. खालच्या टोकाकडून सुरू करा, कारण तिथे हात पोचायला सर्वांत अवघड असतं आणि शेवटी थकल्यावर तिथे नीट टाका पडत नाही. कडेपासून १ सेंमी फॅशिया घ्या, दोन टाक्यांत १ सेंमी. मधूनमधून हर्नियाच्या पिशवीचा तळ टाक्यात घेत चला. मोकळी पोकळी कमी झाली की सिरोमा (तिथे साचणारं पाणी) कमी होतो. पहिल्या फेरीत कडा जुळतील अशी अपेक्षा धरू नका. बुटाची नाडी ओढतात तसं, सगळे टाके सैल घालून मग खालून वर एकेक करून ओढत या. एकाच टाक्यावर जोर दिला तर फॅशिया लोण्यासारखी कापली जाते. शेपूट अगदी लागून कापा. काटेरी धाग्याचं अर्धा सेंमी टोक जरी लोंबलं तरी आतडं त्यात अडकून आतड्याचा अडथळा होऊ शकतो.

६ सेंमी जुळेलच असं नाही. न जुळलेला भाग राहिला तर बळेबळे ओढू नका. भोक शिवल्याने फुगवटा आणि सिरोमा कमी होतात याबद्दल फारसं दुमत नाही. पुनरुद्भव किती कमी होतो याचे आकडे सगळीकडे सारखे नाहीत. अर्धवट ताणून शिवलेल्याचा फायदा तर मुळीच नाही.

ट्रान्सफेशियल टाके: नेदरलँड्समधल्या २०१० च्या चाचणीत विरघळणारे टाके आणि टॅकर, नुसता डबल क्राउन, आणि न विरघळणारे टाके व टॅकर असे तीन गट होते. तीन महिन्यांनी वेदनेत लक्षणीय फरक आला नाही. म्हणजे 'टाके दुखतात, टॅकर दुखत नाहीत' हे विधान तितकंसं खरं नाही. दुखतो तो घट्ट बांधलेला टाका. पोट फुगलेलं असताना गाठ मारली की हवा सोडल्यावर आणि नंतर स्नायू आकसल्यावर त्या फासात स्नायू आणि कधी नस आवळली जाते. पेशंट मग एका बोटाने एकच जागा दाखवतो. तिथे ब्यूपिव्हॅकेनचं (बधिर करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन देऊन बघतात. तीन महिन्यांनीही थांबलं नाही तर टाका काढतात.

तुमच्या नमुन्यात मी चार टाके घालेन: वर मध्ये एक, दोन्ही बाजूंना एक-एक आणि वरच्या अर्ध्यात आणखी एक. खाली टाका नाही, तिथे कूपर आहे. त्वचेला २ मिमीचा छेद, एकाच छेदातून सूचर पासर (धागा आरपार नेणारी सुई) दोनदा, फॅशियात दोन वाटा १ सेंमी अंतराने. बांधायच्या आधी दाब ८ वर. गाठ फॅशियावर टेकली की थांबा. नंतर मॉस्किटोच्या (लहान चिमट्याच्या) टोकाने छेदाखालची त्वचा सोडवा, नाहीतर खळी राहते.

जाड पेशंटमध्ये टाक्याची जागा त्वचेवर आखताना वर म्हटलेली कमानीची गफलत पुन्हा येते. बाहेर २० सेंमीवर खुणा करून काटकोनात पासर घातला तर आत जाळी ओढून ताणली जाते आणि खुणा जुळत नाहीत. आत जाळी पसरून सुईने जागा ठरवा, बाहेरच्या आखणीवर विसंबू नका.

भूलशास्त्र

सर्जन मंडळींनी वर खोकल्याचा दाब सांगितला, म्हणून एवढंच लिहिते. जाळीवर पहिला मोठा धक्का टेबलवर, नळी काढतानाच बसतो. नळीवर खोकून पेशंट अर्धा उठून बसतो तेव्हा टॅकर जाळीला धरून असतात, टिश्यूची एक पेशीही अजून चिकटलेली नसते. नळी काढण्याआधी लिग्नोकेन शिरेतून १ ते १.५ मिग्रॅ प्रति किलो, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा पूर्ण उतारा, उलटी थांबवणारी दोन वेगवेगळ्या प्रकारची औषधं, आणि पोट ओरोगॅस्ट्रिक नळीने रिकामं. बीएमआय ३३ मध्ये गाढ भुलेत नळी काढणं सगळ्यांत करता येत नाही; श्वसनमार्ग अवघड असेल तर करू नका. दमा किंवा जुना खोकला असेल तर तो आधी आटोक्यात आणूनच टेबलवर घ्या. बद्धकोष्ठाचंही तेच.

मिरजकर_एमएस

राहिला शेवटचा प्रश्न, परत येतो तो कुठून. गाठ परत दिसली म्हणजे हर्निया परत आला, असं लगेच लिहून टाकू नये. पहिल्या काही आठवड्यांत मऊ, लाटेसारखा हलणारा, दाबल्यावर आत न जाणारा फुगवटा बहुधा सिरोमा असतो. दुखत नसेल, लाल नसेल तर सुई घालू नका. जंतू आत नेण्याचाच तो रस्ता. न शिवलेल्या भोकावर जाळी फुगून आलेली असते, तो बल्ज. त्यात जाळी शाबूत असते.

नक्की करायला सीटी, आणि पेशंटला श्वास रोखून जोर द्यायला सांगून घेतलेला. टायटॅनियमच्या टॅकरचा इथे एक फायदा होतो. ते फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात, त्यामुळे जाळीची कड शस्त्रक्रियेच्या वेळी कुठे होती आणि आता कुठे आहे ते कळतं. ठिपक्यांचं कडं लहान झालं असेल तर जाळी आकसली. कडं एका बाजूला तुटून ठिपके एकत्र गोळा झाले असतील तर ती कड सुटून गुंडाळली. कडं जागेवर, पण हर्निया त्याच्या बाहेर असेल तर जुना व्रण पूर्ण झाकलेला नव्हता. ठिपके जागेवर आणि जाळी मात्र त्यांच्यापासून सुटलेली, असं दिसलं तर जाळी टॅकरभोवती फाटली.

एम५ मध्ये दिसणारं नेहमीचं चित्र वेगळं असतं. वरचे तिन्ही बाजूंचे ठिपके ओळीत, आणि खाली प्यूबिसच्या वर एक सेंमीवर अर्धवर्तुळ तुटलेलं. त्यातून ओमेंटम, कधी मूत्राशयाचा घुमट.

पुन्हा शस्त्रक्रिया करायची झाली तर भिंतीत मुरलेली जुनी जाळी खरवडून काढू नका. गुंडाळलेला, लोंबता भाग कापा, बाकी राहू द्या. पहिल्यांदा आयपॉम होतं तर आता मागचा थर शाबूत असल्यास रेट्रोमस्क्युलर जागा कोरी मिळते, तिथे जा. गोमंतक सरांचा ईटेप किंवा उघडी रीव्ह-स्टोप्पा (छेद घेऊन त्याच जागेत जाळी ठेवणं) इथे जास्त शोभते. खालच्या कडेने आलेला असेल तर मात्र पद्धत कोणतीही असो, रेट्झियस उघडल्याशिवाय आणि कूपर डोळ्यांनी बघितल्याशिवाय जाळी ठेवू नका.

आणि पहिल्या शस्त्रक्रियेतच, पोर्ट काढण्याआधी, एक मिनिट द्या. दाब ६ वर आणा, जाळीला सुरकुती पडते का बघा, आणि बोथट ग्रास्परचं टोक कडेने घड्याळाच्या दिशेने फिरवा. दोन टॅकरच्या मधून ते टोक जाळीखाली शिरलं तर तिथे आणखी एक टॅकर. संपूर्ण फेरी झाली की मगच हवा सोडा, आणि सोडताना कॅमेरा खालच्या कडेवर ठेवा.